मी लिहून दिलेल्या चार ओळी

सौंसरच्या आमच्या घराला पुढच्या बाजूनं एक खोली होती, रस्त्याकडं वेगळं दार असलेली. बाबांनी ती भाड्यानं देण्यासाठीच काढली होती. तिच्यात सुरुवातीला एक कंपाउंडर राहिला, मग बोरगावच्या कारखान्यातला एक फिटर, आणि मी आठ वर्षांची असताना सिसिलिया टीचर आल्या. एक लोखंडी पेटी, एक रॉकेलचा स्टोव्ह, पुस्तकांची दोन पोती आणि फुलांच्या कापडानं झाकलेला रेडिओ, एवढंच सामान. त्या गावातल्या नव्या इंग्लिश मीडियम शाळेत लहान वर्गांना शिकवायच्या. नवरा पांढुर्ण्याला रेल्वेत गार्ड होता, तो वारला होता. पांढुर्ण्यात स्टेशनाच्या मागं त्यांचं आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचं छोटं घर होतं. शनिवारी दुपारी शाळा सुटली की त्या बसनं तिकडं जायच्या आणि सोमवारी पहिल्या बसनं परत यायच्या. आई त्यांना सिसलबाई म्हणायची. पूर्ण नाव तिच्या जिभेला कधी वळलं नाही.

त्या घरातल्या सकाळी मला अजून कानानं आठवतात. बाबा उठून बुद्धासमोर अगरबत्ती लावून वंदना म्हणत, घोगऱ्या आवाजात, अर्धी विसरून पुन्हा पहिल्यापासून. भिंतीपलीकडं टीचर स्टोव्हला पंप मारत, मग स्टोव्हचा भर्र आवाज, आणि त्यात त्यांचं हलकं गुणगुणणं. मधूनच छोट्या गाडीची शिट्टी यायची. तेव्हा आमच्याकडं छोटी रेल्वेलाइनच होती, नागपूरपर्यंत जाता जाता दिवस मावळवणारी. आई मागच्या चुलीवर भाकरी थापत असायची. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी ती तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायची आणि वाडगं भरून मला टीचरकडं पिटाळायची. "जा, सिसलबाईले दे, अन् लवकर ये, तिथंच बसून नको राहू." मी तिथंच बसून राहायची. आम्ही दोघी शेंगा सोलायचो आणि टीचर विचारायच्या, "हाऊ मेनी?" मी दाणे मोजून इंग्रजीत सांगायची. मी शिकत होते ती शाळा मराठी होती आणि तिथं इंग्रजी म्हणजे फळ्यावरचं उतरवून घेणं. बोलायची भाषा म्हणून इंग्रजी मला पहिल्यांदा त्या खोलीत भेटली, तुरीच्या सालींच्या ढिगाशेजारी.

डिसेंबर लागला की त्या खोलीचा रंग बदलायचा. टीचर बांबूच्या कमच्या बांधून चांदणी करायच्या आणि तिला पतंगाचा कागद चिकटवायच्या. आई जुन्या पातेल्यात वाळू तापवून द्यायची आणि त्यात दुसरं भांडं ठेवून टीचर केक भाजायच्या. घरासाठी केला तर अंडं घालायच्या. शाळेत न्यायचा केक मात्र रव्याचा आणि दह्याचा, अंड्याशिवाय, त्याचं भांडंसुद्धा वेगळं. "घरोघरची चाल वेगळी असते," त्या म्हणायच्या, "लेकरानं घरी जाऊन सांगितलं तर आईला वाईट वाटायला नको." एवढी काळजी घेणारी बाई होती ती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

बारावीनंतर मी बाहेरून परीक्षा देत बी.ए. केलं आणि ते पूर्ण झालं त्याच वर्षी टीचरनी सरांकडं माझं नाव काढलं. सर म्हणजे शाळेचे मालक, संचालक, सगळं तेच. माझे बाबा आधीपासून त्यांच्या शाळेची गाडी चालवत होते. आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं आणायची आणि संध्याकाळी सोडायची. मला पहिलीचा वर्ग मिळाला, टीचर शेजारच्या वर्गात. पहिल्या वर्षी मी फक्त त्यांचं बघून केलं. ख्रिसमसच्या आधीचे पंधरा दिवस त्यांचा इंग्रजीचा तास बघण्यासारखा असायचा. मुलांना घरून धुतलेला एक मोजा आणायला सांगायच्या. वर्गात आडवी दोरी बांधून तिच्यावर ते मोजे अडकवायचे. सकाळी प्रत्येक मोज्यात काहीतरी टाकलेलं असायचं, कशात बोर, कशात चिंच, कशात खडा, कशात संत्रं. मूल पुढं येणार, मोज्यात हात घालणार, आणि डोळे मिटून ओळखून पूर्ण वाक्यात सांगणार. "आय हॅव अ स्टोन." "आय हॅव अॅन ऑरेंज." ऑरेंजच्या आधी 'अॅन' का येतं हे आमच्या संत्र्याच्या मुलखातल्या पोरांना व्याकरणाच्या पुस्तकानं कधी शिकवलं नसतं. ते त्यांना मोज्यातल्या संत्र्यानं शिकवलं. मग कार्डं. ज्यानं तुमच्यासाठी काही काम केलं त्याला एक कार्ड द्यायचं, वर 'टू', खाली 'फ्रॉम', मध्ये एक वाक्य स्वतःचं. झाडूवाल्या मावशीला कार्डं मिळाली, पाणी भरणाऱ्याला मिळाली. माझ्या बाबांना नऊ मिळाली. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ते गाडीच्या आरशाला कार्डं लटकवून महिनाभर फिरले आणि प्रत्येक थांब्यावर कुणाला तरी वाचायला लावलं.

दुसऱ्या वर्षी माझं डोकं जरा वर गेलं होतं. वय बावीस, साडी नेसायला नुकतीच शिकलेली, मुलं "मिस, मिस" करत मागं फिरतात. सरांनी एकदा व्हरांड्यात थांबवून सांगितलं होतं, "यंदा गॅदरिंगसारखा प्रोग्राम झाला पाहिजे. पालक आले पाहिजेत. आपली शाळा इंग्लिश मीडियम आहे हे दिसलं पाहिजे. तू तरुण आहेस, काहीतरी नवीन कर." मला वाटलं, मोजे आणि कार्डं हे टीचरचं, आणि आता जुनंही झालं. मला माझं काहीतरी हवं होतं. नागपूरला मावशीकडं गेले असताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत एक रंगीत पुस्तक मिळालं, मुलांच्या छोट्या नाटकांचं. त्यात गोठ्याचं दृश्य होतं. गवतावर बाळ, भोवती मेंढपाळ, आणि शेवटी एक मुलगी गुडघे टेकून हात जोडते आणि प्रार्थना म्हणते. जेवणासाठी, घरासाठी, आईबाबांसाठी देवाचे आभार, आणि मग 'प्रभू येशू, माझ्या मनात राहायला ये' असं काहीतरी. इंग्रजी सोपं होतं, ठेका छान होता. मला फक्त तो ठेका ऐकू आला.

एका संध्याकाळी मी ते पान टीचरना दाखवलं. त्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"गोठा ठेव," त्या म्हणाल्या. "बाळ ठेव. मेंढरं ठेव, पोरांना मेंढरं व्हायला आवडेल. हे शेवटचं काढ."

"पण टीचर, तेच तर सगळ्यात छान आहे. वाक्यं किती सोपी आहेत."

"वाक्यं छान आहेत. पण ही प्रार्थना आहे, प्रज्ञा. प्रार्थना घरची असते. माझी माझ्या घरची, तुझ्या बाबांची तुझ्या घरची. शाळेत आपण शब्द शिकवतो. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडी आपण देव घालायचा नाही. माझासुद्धा नाही."

मी हो म्हटलं. आणि काढलं नाही. आज इतक्या वर्षांनी स्वतःला विचारते की का नाही काढलं, तर मोठं काही कारण सापडत नाही. प्रार्थना म्हणणाऱ्या मुलीनं, माझ्या वर्गातल्या आर्यानं, ते पाठ करून टाकलं होतं आणि ती इतकं गोड म्हणायची की मला ते सोडवेना. आणि मनात हेही होतं की टीचर आता म्हाताऱ्या झाल्या, त्यांना सगळ्याचीच भीती वाटते. टीचर तालमीला आल्या की मी शेवटचा भाग घ्यायची नाही. म्हणजे मला कळत होतं.

कार्यक्रम नाताळाच्या सुट्टीच्या दोन दिवस आधी झाला. शाळेच्या पटांगणात सतरंज्या, मागं पालकांना खुर्च्या. मेंढरं झालेली पोरं खूप हसवून गेली. शेवटी आर्या गुडघ्यावर बसली, हात जोडले, डोळे मिटले आणि एका दमात सगळं म्हणून गेली. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत सरांनीही वाजवल्या. मी बाजूला उभी होते, आणि मान वळवून टीचरकडं पाहिलं तर त्या टाळी वाजवत नव्हत्या. त्या पालकांकडं बघत होत्या. कुणाचे तरी काका मोबाइल समोर धरून उभे होते.

त्या काळात मोबाइलमधलं चित्र एकाच्या फोनमधून दुसऱ्याच्या फोनमध्ये ब्लूटूथनं जायचं, दोन माणसं जवळ उभी राहिली की. सौंसरसारख्या गावाला तेवढं पुरतं. संध्याकाळपर्यंत ते बाजारातल्या पानठेल्यावर होतं, सकाळी लोधीखेड्यापर्यंत पोचलं होतं. नाटक कुणी पुढं पाठवलं नाही. फक्त शेवटचा मिनिटभराचा तुकडा, हात जोडलेली आर्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकासमोर वीसेक पालक उभे होते. काही ओरडत होते, "पोट्ट्याईले बाटवून राहिले का इथं?" ओरडणाऱ्यांचं मला तेव्हाही फारसं काही वाटलं नाही, त्यातल्या दोघांची तर मुलं आमच्या शाळेत नव्हतीच. पण त्यात आर्याची आई होती. ती ओरडत नव्हती. मला बघून ती पुढं आली आणि म्हणाली, "मिस, रात्री जेवाले बसलो तर पोरीनं हात जोडले अन् तेच म्हणाली. आमच्या देवघरासमोर बसून. माह्या सासऱ्यानं ताट सरकवलं. मले काही राग नाही जी, पण मले सांगाले तर पाहिजे होतं ना एक डाव?" आजही ती बाई चुकली होती असं मला म्हणता येत नाही.

सरांनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, तो त्यांनी माझ्याकडं सरकवला.

"प्रार्थना कोणी घातली?"

मी पाण्याचा ग्लास उचलला.

"हे बघ. मी त्यांना चार वाजता बोलावलं आहे. त्यांना एक नाव पाहिजे. नाव मिळालं की ते जातील, नाही मिळालं तर शाळेला कुलूप लावतील. तुझं नाव सांगू?" ते थोडं पुढं वाकले. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "तुझं नाव निघालं तर लोक काय म्हणतील ते तुला माहीत आहे. तुम्हा लोकांबद्दल तसंही म्हणतात, यांनी एकदा धर्म बदलला, यांना काय फरक पडतो. तुझे बाबा रोज इतक्या घरच्या मुली गाडीत बसवून आणतात. उद्या कोणी आपली मुलगी त्या गाडीत बसवेल का? सांग तूच." मग जरा थांबून म्हणाले, "सिसिलिया मॅडमनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी आहे. त्यांचा तो धर्मच आहे. लोकांना समजेल. आणि त्यांचं काय, एक-दोन वर्षांत त्या तशाही थांबणारच होत्या."

त्यांनी कोरा कागद पुढं ठेवला. त्यांनी माझा हात धरून लिहवून घेतलं नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला ही गोष्ट सांगताना सरांना जास्त वाईट करत गेले आणि स्वतःला जास्त लहान. त्यांनी कागद ठेवला आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खिडकीतून बाबांची गाडी दिसत होती. बाबा फडक्यानं काच पुसत होते. मी पेन उचललं आणि इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. कार्यक्रम सिसिलिया मॅडमच्या सूचनेप्रमाणे बसवला. प्रार्थना त्यांनी निवडली. मी नवीन असल्यामुळं मला तिचा अर्थ पूर्ण कळला नव्हता. झाल्या गोष्टीबद्दल मला खेद आहे. खाली सही.

सरांनी वाचलं आणि म्हणाले, "इंग्रजी चांगलं लिहितेस तू."

मग त्यांनी टीचरना बोलावलं. मी जायला निघाले तर सर म्हणाले, थांब. टीचरनी उभ्यानंच तो कागद वाचला. त्या नेहमी ओठ हलवत वाचायच्या, तशाच. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता त्या बोलतील. मला तेच हवं होतं, आतून अगदी तेच हवं होतं, की त्यांनी मला खोटं पाडावं आणि हे सगळं माझ्या हातून सुटावं.

"हे तू लिहिलं?"

"हो टीचर."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथं काय होतं ते त्यांनाही दिसलंच असणार. मग त्या सरांना म्हणाल्या, "बरोबर आहे. मीच सांगितलं होतं तिला."

चार वाजता पटांगणात त्या पालकांसमोर उभ्या राहिल्या. अंगावर निळ्या किनारीची पांढरी साडी होती. पालकांबरोबर आलेल्या तरुण पोरांमधले तिघं-चौघं लहानपणी त्यांच्याच वर्गात मोज्यात हात घालून वाक्यं बोललेले होते. टीचरनी हात जोडले आणि मराठीत सांगितलं की माझी चूक झाली, कुणाच्या मनाला लागलं असेल तर माफ करा, मी आजपासून शाळेत येणार नाही. मुलं वर्गाच्या खिडक्यांना लटकून बघत होती. कुणी तरी मागून म्हणालं, "जाऊ द्या, म्हातारी आहे." आर्याची आई मान खाली घालून होती. दहा मिनिटांत पटांगण रिकामं झालं.

घरी आल्यावर टीचरनी आईला एवढंच सांगितलं की शाळेचं काम संपलं, मी पांढुर्ण्याला जाते. आईला काही केल्या पटेना. "असं कसं जी एकदम? कोणी काही बोललं काय? मी जातो त्या सरकडे, विचारतो." टीचर म्हणाल्या, "नको जाऊस. माझंच वय झालं." आईनं त्या संध्याकाळी तुरीचे दाणे घालून सोलेभात केला, टीचरना आवडायचा म्हणून. चौघं एकत्र जेवायला बसलो. आई परत परत त्यांच्या ताटात वाढत होती आणि डोळे पुसत होती. टीचर जेवल्या, थोडंच, पण जेवल्या, आणि भात छान झाला म्हणाल्या. माझ्याशी त्या नेहमीसारखं बोलल्या, पाणी दे, मीठ सरकव. मी ताटातला भात बोटांनी नुसता इकडंतिकडं सारत होते. आईला वाटलं मला त्यांच्या जाण्याचं दुःख झालं आहे. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात मला सहन झाला नाही.

सकाळी बाबांनी शाळेच्याच गाडीतून त्यांचं सामान बसस्टँडवर सोडलं. मी फाटकात उभी होते. टीचर गाडीत बसल्या आणि मागं न बघता गेल्या.

शाळा सुट्टीनंतर सुरू झाली. दोन्ही वर्ग मलाच मिळाले. टीचरच्या वर्गात दोरी अजून आडवी बांधलेली होती आणि तिच्यावर दोन-तीन मोजे राहून गेले होते. एका मुलीनं विचारलं, "मिस, टीचर केव्हा येऊन राहिल्या?" मी सांगितलं, येतील. वर्गात मुलांकडून मी इंग्रजी म्हणून घ्यायची ते फक्त पुस्तकातलं. माझ्या तोंडून नवीन वाक्यच निघत नसे. घरी आई रोज त्यांच्यावरून काही ना काही बोलायची, आणि सरांना शिव्या द्यायची. मकर संक्रांतीच्या दिवशी आईनं तिळाचे लाडू वळताना एक डबा वेगळा काढला, सिसलबाईसाठी, आणि बाबांना म्हणाली, "पांढुर्ण्याचं कोणी जात असलं तर धाडून द्या." तेव्हा मला राहवलं नाही. मी चुलीपाशी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. प्रार्थना माझी होती, टीचरनी नको म्हटलं होतं, कागद मी लिहिला.

आईचे हात लाडवाच्या पाकात तसेच राहिले. ती म्हणाली, "तिनं तुले हात धरून अक्षर शिकवलं, प्रग्या." बस, एवढंच. बाबा पायरीवर बसलेले होते. मी त्यांना सांगितलं की तुमची गाडी जाईल म्हणून मी घाबरले. बाबा म्हणाले, "गाडी मी बावीस वर्षांपासून चालवून राहिलो. ह्यायची नसती तर दुसऱ्याची चालवली असती. मले एक डाव विचारलं असतं तू." मग उठून चपला घालत म्हणाले, "चल. सरले खरं सांग. मी येतो संग."

सरांनी ऐकून घेतलं. बाबा दाराशी उभे राहिले होते. सर म्हणाले, "आता हा विषय संपला आहे. मी परत उकरणार नाही. तुमचा दोघांचा जीव हलका झाला ना, जा मग." मी म्हटलं, पालकांना मी सांगते. ते म्हणाले, "तू सांगशील तर उद्या शाळा बंद पडेल आणि तरी त्या परत येणार नाहीत." मी तरीही आर्याच्या घरी गेले आणि तिच्या आईला दारात उभी राहून सांगितलं. तिनं दाराची चौकट धरून सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, "मंग त्याईनं काऊन हात जोडले होते?" मी त्या वर्षाअखेर शाळा सोडली. बाबांनीही गाडी सोडली, मला न सांगता, माझ्या आधी आठ दिवस.

पांढुर्णा आता जिल्हा झाला आहे आणि मी तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते. केसांना मेंदी लावावी लागते. परवा आमच्याकडं नव्यानं लागलेली एक मुलगी, वय असेल तेवीस, वही घेऊन आली. "मॅडम, डिसेंबरमध्ये ख्रिसमसवर एक युनिट घेऊ का? चांदणी, घंटा, गिफ्ट, असे शब्द. पालक काही म्हणतील का?" मी तिची वही पाहिली. चांगली तयारी होती, प्रार्थना कुठं नव्हती. मी म्हटलं, "घे. आधी पालकांना चिठ्ठी पाठव, काय शिकवणार ते लिहून. दिवाळी, ईद, संक्रांत, तेही असंच घे. आणि कोणी विचारलं, कोणाला विचारून केलं, तर माझं नाव सांग." ती हसली. तिला वाटलं मी धीर देते आहे.

आता त्या भेटीबद्दल, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. त्या संक्रांतीनंतरच्या फेब्रुवारीत मी टीचरना भेटायला पांढुर्ण्याला गेले. स्टेशनामागं विचारत विचारत घर सापडलं. ओसरीवर त्या चार-पाच पोरांना घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मुलांना सुट्टी दिली. बहिणीनं आतून पाणी आणलं. टीचर आधीपेक्षा वाळल्या होत्या, गळ्याशी हाडं दिसत होती. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, टीचर, मी घरी सांगितलं, सरांना सांगितलं, आर्याच्या आईलाही सांगितलं. मला माफ करा.

"सांगितलंस ते बरं केलं," त्या म्हणाल्या. "माफ तर मी तुला त्याच दिवशी केलं, प्रज्ञा. ऑफिसातच. त्यासाठी तुला एवढ्या लांब यायची गरज नव्हती."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, हात लावला नाही. मग म्हणाल्या, "एक सांगू? रागावू नको. पुन्हा येऊ नकोस."

मी वर पाहिलं.

"राग नाही माझ्या मनात. शपथेवर सांगते. पण तुला पाहिलं की मला ते पटांगण दिसतं. खिडकीतली पोरं दिसतात. त्यांनी मला हात जोडताना पाहिलं ना. मी रोज ते विसरायचा प्रयत्न करते, आणि आज तू फाटकातून आत आलीस तसं सगळं पुन्हा दिसलं. माफ करणं माझ्या हातात होतं. हे नाही." त्या मला वर्गात एखादी गोष्ट समजावून सांगावी तशा सांगत होत्या, मी ती नीट समजून घ्यावी म्हणून.

मी उठले. पदरानं तोंड पुसलं. त्यांनी विचारलं, "बस किती वाजता आहे?"

"पाचची."

"आता तर तीन वाजले. बाहेर ऊन आहे. बस."

मी पुन्हा बसले. बहिणीनं आतून पोह्यांची ताटली आणून ठेवली. टीचर म्हणाल्या, "खा." मी खाल्लं. आईची तब्येत कशी आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. बाबांच्या गुडघेदुखीचं विचारलं, तेही सांगितलं. मग विचारायचं काही राहिलं नाही. ओसरीच्या समोरून रेल्वेची लाइन गेली होती. एक मालगाडी आली, खूप लांब, आणि ती पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघी तिच्याकडं बघत राहिलो. नंतर दुसरी आली. पाच वाजायला आले तेव्हा टीचर म्हणाल्या, "निघ आता, नाही तर उभं राहून जावं लागेल." फाटकापर्यंत त्या आल्या. मी वळणावरून मागं बघितलं तर त्या तिथंच उभ्या होत्या, एक हात कपाळावर धरून, उन्हातून मला नीट बघता यावं म्हणून.

त्या घरी मी पुन्हा गेले नाही.